बारा महिन्यांचे पैसे घेतले, चार महिन्यांत फायबर बंद

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. 1 मार्चला गावच्या केबलवाल्यामार्फत एका मोठ्या कंपनीचं फायबर घेतलं. वर्षाचे 6,000 आणि राउटरची अनामत 1,500 रुपये त्याच्याच नंबरवर यूपीआयने दिले. जूनअखेर रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तुटली, तेव्हापासून नेट बंद. पीक विम्याचा सीझन वाया गेला. केबलवाला कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते केबल ठेकेदाराने तोडली, वार्षिक प्लॅनचे पैसे परत होत नाहीत आणि दावा करायचा तर मुंबईत करा. काय करता येईल?

उत्तर : मुंबईला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा जिथे त्याचं काम चालतं, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी यवतमाळ. करारात मुंबईचं न्यायालय किंवा लवाद लिहिलेला असला तरी हा हक्क जात नाही. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असा जुना आक्षेपही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या निकालात निकाली काढला आहे.

पण तक्रार लिहायला बसण्याआधी एक गोष्ट आजच तपासा. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा कॉल सेंटरवर तुमचा ग्राहक क्रमांक सांगून विचारा : माझ्या खात्यावर प्लॅन किती महिन्यांचा टाकला आहे? गावोगावी चालणारी युक्ती अशी की केबलवाला वर्षाचे पैसे एकदम घेतो आणि कंपनीकडे रिचार्ज मात्र महिन्या-महिन्याने मारतो. मग कंपनी शपथेवर सांगते की आम्हाला वर्षाचे पैसे मिळालेच नाहीत, आणि कागदावर ते खरं असतं. खात्यावर वार्षिक प्लॅन दिसला तर कंपनीची बाजू लंगडी. मासिक दिसला तर पैशांची मुख्य जबाबदारी केबलवाल्यावर येते. कंपनीला मात्र तो आमचा माणूस नाही असं सहज म्हणता येणार नाही, कारण जोडणी, राउटर आणि ग्राहक क्रमांक तिचेच आहेत. दोन्ही स्थितींत तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्यावर ढकलून मोकळा होतो.

ठेकेदाराचा मुद्दा फारसा टिकत नाही. केबल कोणी तोडली, त्याच्याकडून भरपाई कशी घ्यायची, हा कंपनी आणि ठेकेदार यांच्यातला हिशेब. खोदण्याआधी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही काढलं आहे. अचानक केबल तुटल्याबद्दल कंपनीला चार-आठ दिवसांची सवलत मिळू शकेल, पण आठवडेच्या आठवडे न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घ्यायला ती सबब पुरत नाही.

तुमच्या मागण्या दोन आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही. पहिली, पैसे परत. चार महिने वापरलं, म्हणजे 2,000 रुपये गेले. उरलेले 4,000 आणि राउटर परत केल्यावर अनामत 1,500, एकूण 5,500 रुपये. ‘वार्षिक प्लॅनचे पैसे परत नाहीत’ या अटीवर बरेच जण ‘अनुचित करार’ म्हणून तक्रार लिहितात. तसं लिहू नका. तो मुद्दा राज्य आयोगाच्या अधिकारात येतो, आणि जिल्हा आयोगात विनाकारण आक्षेप ओढवून घ्याल. त्याऐवजी ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ असं लिहा. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत परत न करणं, ही कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुसरी मागणी बुडालेल्या उत्पन्नाची, आणि इथे खरी कसोटी आहे. कंपनी म्हणेल, जोडणी धंद्यासाठी घेतली, म्हणून कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगाराची सूट देणाऱ्या स्पष्टीकरणात फक्त ‘वस्तू’ म्हटलंय, जुन्या कायद्यातला ‘सेवा’ हा उल्लेख त्यात नाही. म्हणून तक्रारीतच ठळक लिहा : केंद्र मी स्वतः चालवतो, पोट याच्यावरच आहे, मोठा नफा कमवायला जोडणी घेतलेली नाही. एखादा मदतनीस असल्याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स (1995) या निकालातून सांगता येतं. भरपाईचा आकडा फुगवू नका. पीक विम्याच्या अर्जामागे केंद्राला मिळणारे 40 रुपये घेऊन, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा पोर्टलवरचा व्यवहार-अहवाल आणि या वर्षीचा, शेजारी शेजारी लावा. फरक तेवढाच मागा. मोबाईल हॉटस्पॉटवर काही काम काढलं असेल तर त्या डेटा पॅकच्या पावत्याही जोडा. नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केला, हे त्यातून दिसतं. हा भाग नामंजूर होण्याची शक्यता धरूनच चाला. त्यामुळे पहिली मागणी वेगळ्या परिच्छेदात, स्वतंत्रपणे उभी राहील अशी लिहा.

पुरावा आत्ताच गोळा करा. राउटरवरचा एलओएस दिवा लाल असणं म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही, दोष तुमच्या घराबाहेरचा आहे. त्याचा तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ घ्या, धुऱ्यावर लोंबकळणाऱ्या केबलचाही. लाइनमन येऊन गाठ मारून गेला तर त्याच्या पॉवर मीटरवरचं (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) माप टिपून घ्या. उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) पुढे, म्हणजे उणे 28-29 वगैरे आलं, तर दिवा हिरवा झाला तरी नेट तुटत राहील. स्पीड मोजायचं असेल तर वायफायवर नको, लॅन केबल लावून मोजा, नाहीतर कंपनी भिंतीला दोष देते.

कॉल सेंटरला तक्रार करून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या. निकाल लागला नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे मोफत अपील करा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरण) 2012 च्या नियमांत असं अपील करायला 30 दिवसांची मुदत आहे. ट्रायला स्वतःला एकेका ग्राहकाची तक्रार सोडवता येत नाही, तिकडे पत्रं पाठवून वेळ घालवू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास बऱ्याचदा एवढ्याशा रकमेवर कंपनी नरमते. नाहीच जमलं, तर स्पीड पोस्टने 15 दिवसांची नोटीस आणि मग ई-जागृती पोर्टलवर किंवा यवतमाळला प्रत्यक्ष तक्रार. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. विरुद्ध पक्षाला उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यानंतर ते घेतलंच जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवून दिलं आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

दरम्यान राउटर विकू नका, दुसऱ्या कुणाला देऊही नका. तो कंपनीचा आहे. परत करताना सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. आणि केबलवाल्याने अर्धे पैसे देऊन ‘हिशेब पूर्ण’ अशा कागदावर सही मागितली, तर सहीवर ‘आंशिक रक्कम मिळाली, बाकी येणे’ असं लिहूनच पैसे घ्या.