जुन्या स्प्रिंट कारला गियरबॉक्स, क्लच, स्टार्टर काहीच नव्हतं, मग तिचं एवढं कौतुक कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे की मारियो अँड्रेट्टी, ए. जे. फॉइट हे अमेरिकेचे नामांकित रेसिंग ड्रायव्हर ज्या जुन्या स्प्रिंट कारमधून, म्हणजे छोट्या अंडाकृती ट्रॅकवरच्या रेसिंग गाड्यांतून, वर आले, त्या फोटोत अगदीच अर्धवट दिसतात. गियरबॉक्स नाही, क्लच नाही, स्टार्टर नाही, डोक्यावर पत्रासुद्धा नाही. मग त्यांत एवढं काय होतं, आणि ‘ऑफी’ इंजिनाचं नाव आजही लोक इतक्या भक्तिभावाने का घेतात?

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर आहे. पण घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर यॉर्क स्प्रिंग्जजवळ लॅटिमोर व्हॅली नावाचं ठिकाण आहे. तिथे जुन्या रेसिंगचं संग्रहालय आहे आणि शेजारीच अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक नीट करून ठेवलाय. उन्हाळ्यात या म्हाताऱ्या गाड्या तिथे बाहेर काढतात. त्यामुळे बरंच काही मालकांच्या डोक्यावर उभं राहून, प्रश्न विचारून विचारून कळलेलं आहे.

माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर ही गाडी घोड्यांच्या ट्रॅकने घडवली आहे. बाकी सगळं त्यातून येतं.

आपल्याकडे यात्रेला जशी बैलगाडा शर्यत, तशी अमेरिकेत काउंटी फेअरला आणि स्टेट फेअरला घोड्यांची शर्यत. त्यासाठी गावोगावी अर्ध्या मैलाचे, म्हणजे साधारण आठशे मीटरचे, अंडाकृती ट्रॅक आणि लाकडी स्टँड आधीच बांधलेले होते. मोटारी आल्यावर आयोजकांना आयतं मैदान आणि आयती गर्दी मिळाली. अशा ट्रॅकवर गाडी सतत डावीकडेच वळत असते. वळण संपतंय म्हणेपर्यंत दुसरं सुरू. वेग फार पडतही नाही आणि फार चढायला जागाही नसते. मग गियर बदलणार कुठे? एकच गियर पुरतो. गियरबॉक्स आणि क्लच काढून टाकले की वजन वाचतं आणि मोडायच्या दोन गोष्टी कमी होतात. राहतो तो फक्त एक दांडा, इंजिन मागच्या अ‍ॅक्सलला जोडायचा नाहीतर सोडवायचा.

अर्थात एकाच गियरवर सगळा खेळ असल्याने तो गियर कुठला हे फार महत्त्वाचं. इथे टेड हॅलिब्रँडचं क्विक-चेंज येतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीवर एक झाकण असतं, ते उघडलं की आत दोन साधे दातेरी गियर दिसतात. ती जोडी काढून दुसरी घातली की रेशो बदलला. माती ओली असेल तर एक जोडी, दुपारी वाळून गुळगुळीत झाली की दुसरी. सराव फेरी आणि शर्यत यांच्या मधल्या वेळात हात काळे करून दोन माणसं हे उरकतात. मला विचाराल तर इंजिनाआधी हे झाकण उघडून बघावं.

अ‍ॅक्सल अखंड, म्हणजे डिफरन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, आणि उजवं टायर मुद्दाम घेराने मोठं ठेवतात. परिणाम असा की गाडी आपणहून डावीकडे ओढते. वळणात ड्रायव्हर मागचा भाग घसरवतो, पुढची चाकं उजवीकडे वळवतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी हाकतो. फोटोत चाकं उलट्या दिशेला वळलेली दिसतात ती त्यामुळे. सुटी माती ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला ढीग होऊन साचते, तिला ‘कुशन’ म्हणतात. पट्टीचे ड्रायव्हर मागचं उजवं चाक त्या कुशनला टेकवून, कठड्याला जवळपास घासत जायचे. चुकलं तर कठड्याबाहेर.

आता स्टार्टर. लॅटिमोरला हे जवळून बघायला मिळतं. मागून एक पिकअप ट्रक येऊन गाडीच्या मागच्या बंपरला टेकतो आणि ढकलायला लागतो. इंजिन चाकांना जोडलेलं असतं, त्यामुळे ते फिरायला लागतं, पण पेटत नाही, कारण मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारं यंत्र, अजून बंद असतो. ड्रायव्हरची नजर एका काट्यावर असते, ऑइल प्रेशरच्या. काटा वर चढला, तेल बेअरिंगपर्यंत पोचलं याची खात्री झाली की तो स्विच टाकतो. एक खोकला, दोन खोकले, आणि मग असा काही आवाज फुटतो की स्टँडमधली पोरं कान धरतात. पाठोपाठ वास येतो. इंधन मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, त्याने डोळे चुरचुरतात. आणि काही मालक अजूनही तेलात एरंडेल वापरतात. लहानपणी ज्याला आईने नाक दाबून एरंडेल पाजलंय, त्याला तो वास ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

मिथेनॉल का, तर ते बाष्प होताना भरपूर उष्णता शोषून घेतं. त्यामुळे इंजिन थंड राहतं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, पेट्रोलला झेपणार नाही इतकं वाढवता येतं. बदल्यात ते जवळपास दुप्पट पितं, आणि त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही. टाकी ड्रायव्हरच्या पाठीमागे, शेपटीत. ड्राइव्हशाफ्ट त्याच्या दोन पायांच्या मधून. पन्नाशीच्या दशकातल्या फोटोत अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर हे लोक त्यात बसलेले दिसतात.

ऑफीकडे वळू. त्याची वंशावळ मोठी मजेशीर आहे. १९१५ मध्ये बॉब बर्मन नावाच्या ड्रायव्हरची फ्रेंच प्यूजो रेसिंग कार नादुरुस्त झाली. युरोपात युद्ध, सुटे भाग येणार कुठून? त्याने ती लॉस एंजेलिसला हॅरी मिलरच्या कारखान्यात दिली. मिलर कार्ब्युरेटर बनवायचा. त्याच्याकडे फ्रेड ऑफेनहाउझर नावाचा कुशल मशिनिस्ट होता, ‘ऑफी’ हे त्याच्याच नावावरून. त्यांनी ती प्यूजो उघडली. वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. त्या काळच्या मानाने फारच पुढची रचना. दुरुस्ती करता करता त्यांचं शिक्षण झालं. पुढे लिओ गूसन हा ड्राफ्ट्समन आला, आणि मिलरच्या डोक्यातल्या कल्पना कागदावर नेमक्या उतरू लागल्या. माझ्या मते या तिघांत सगळ्यात उपेक्षित माणूस गूसन. नाव मिलरचं झालं, नंतर ऑफेनहाउझरचं. रेघा मात्र याच्या.

गंमत म्हणजे ऑफीचा मूळपुरुष मोटारीसाठी नव्हताच. १९२६ मध्ये मिलरने रेसिंग बोटीसाठी चार सिलिंडरचं एक इंजिन बनवलं. तेच मोठं करून कुणीतरी मोटारीत बसवलं आणि १९३० च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत शॉर्टी कँटलन त्यावर दुसरा आला. १९३३ मध्ये मिलरचं दिवाळं निघालं. ऑफेनहाउझरने साचे आणि यंत्रं मिळवून काम चालू ठेवलं. १९३५ ला केली पेटिलोने त्याच्या इंजिनावर इंडियानापोलिस जिंकली. १९४६ मध्ये धंदा लुई मेयर आणि डेल ड्रेक यांनी घेतला. मेयर म्हणजे ती शर्यत तीनदा जिंकणारा पहिला माणूस. कागदोपत्री नाव मेयर-ड्रेक झालं, पण बोलताना सगळे ऑफीच म्हणत राहिले. १९४७ ते १९६४ अशी सलग अठरा वर्षं इंडियानापोलिसचा विजेता ऑफीवाला होता. शेवटचा विजय १९७६ चा, जॉनी रुदरफर्डचा. तोवर त्याला टर्बो लागला होता.

स्प्रिंट कारमधला ऑफी साधारण २२० घनइंचांचा, म्हणजे ३.६ लिटर. चारच सिलिंडर, पण मोठे. एकाच गियरवर वळणातून बाहेर पडायचं तर इंजिन हळू फिरत असतानाच ताकद हवी, ती या मोठ्या चार सिलिंडरांत होती. दुसरं, सिलिंडर ब्लॉक आणि हेड एकाच ओतकामात. मध्ये गॅस्केटच नाही, त्यामुळे मिथेनॉलवर कितीही कॉम्प्रेशन वाढवलं तरी गॅस्केट उडण्याचा प्रश्न मिटला. याची शिक्षा मेकॅनिकला. व्हॉल्व्ह काढायचा म्हटला तर वरून रस्ताच नाही, पिस्टन बाहेर काढून खालून, सिलिंडरच्या नळकांड्यातून हात घालायचा. लॅटिमोरला एका म्हाताऱ्या मालकाला याबद्दल विचारलं तर त्याने नुसते हाताचे कोपर दाखवले.

आणि तो टिकायचा. झिजलं ते बदललं, पुन्हा चालू. हात बदलत एकेक इंजिन वर्षानुवर्षं धावायचं. हेक्टर ऑनरे या मालकाच्या काळ्या दोन नंबरच्या बार्डाल ऑफीने १९५५ ते १९६१ सलग सात वर्षं आयएमसीए संघटनेचं विजेतेपद आणलं, चार वर्षं बॉबी ग्रिम चालवताना आणि तीन वर्षं पीट फोल्स चालवताना. आयएमसीए म्हणजे फेअरच्या ट्रॅकांवर शर्यती भरवणारी संस्था. जुन्या काळी त्यांच्या शर्यतींचे निकाल पुष्कळदा आधीच ठरलेले असत, प्रेक्षकांना नाट्य मिळालं म्हणजे झालं. पन्नाशीपर्यंत ते बरंच सुधारलं होतं.

ऑफीला हरवलं ते स्वस्ताईने. १९५५ मध्ये शेव्हरोलेने साध्या प्रवासी गाडीसाठी छोटा व्ही-८ काढला. हलका, आटोपशीर, आणि भंगारवाल्याकडेसुद्धा मिळणारा. साठीच्या सुरुवातीला पार्नेली जोन्सने शेव्ही बसवलेल्या फाइक प्लंबिंगच्या गाडीतून ऑफीवाल्यांना मागे टाकायला सुरुवात केली, १९६१ आणि १९६२ चं यूएसएसी या दुसऱ्या रेसिंग संघटनेचं स्प्रिंट विजेतेपद त्याचं. त्यानंतर ऑफी घेणं म्हणजे हौस. ऑफीचे भक्त यावर हळहळतात, पण शेव्हीमुळे गॅरेजवाला, प्लंबर, शेतकरी अशा माणसाला स्वतःची गाडी उतरवता आली हे मान्य करायला हवं.

गाडी बांधणारेही असेच. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनचा हायरम हिलेगस, इंडियानापोलिसचा वॉली मेस्कॉव्स्की, कॅलिफोर्नियात फ्रँक कर्टिस. पुण्याच्या कमिन्सवाल्यांना कदाचित ठाऊक असेल, १९५२ मध्ये कमिन्सने डिझेल इंजिन घालून इंडियानापोलिसला पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, पटकावली, ती चेसिस कर्टिसचीच होती.

ड्रायव्हरांपैकी माझा आवडता टॉमी हिनरशिट्झ. ओली नावाच्या गावचा खरोखरचा शेतकरी, सात वेळा ईस्टर्न विभागाचा स्प्रिंट विजेता, कुशनवरून कठडा घासत जाण्यासाठी प्रसिद्ध. १९६० मध्ये अपघातानंतर थांबला आणि १९९९ पर्यंत जगला. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण बाकीच्यांची यादी वाचताना अंगावर काटा येतो. टेड हॉर्न, १९४६ ते १९४८ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेता, १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये ड्यूकॉइनच्या शर्यतीत मरण पावला. बॉब स्वाइकर्टने १९५५ मध्ये इंडियानापोलिस, राष्ट्रीय आणि मिडवेस्ट स्प्रिंट असं तिन्ही एकाच वर्षी जिंकलं. पुढच्याच जूनमध्ये सेलमच्या ट्रॅकवर संपला. सेलम म्हणजे इंडियानातला अर्ध्या मैलाचा डांबरी ट्रॅक, वळणं ३३ अंशांनी तिरकी. विंचेस्टरची त्याहून जास्त, ३७ अंश. १९६६ तर काळं वर्ष. जूनमध्ये रेडिंगला जड (Jud) लार्सन आणि रेड रीगल, नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅस्कॉटला डॉन ब्रॅन्सन आणि डिक अ‍ॅटकिन्स. दोन्ही वेळा एकाच अपघातात दोघं.

डोक्यावर लोखंडी पिंजरा लावला असता तर यातले काही वाचले असते, हे तेव्हाही दिसत होतं. तरी पुष्कळ ड्रायव्हर पिंजऱ्याला नाक मुरडायचे, भित्र्याचं काम म्हणून. १९७० च्या आसपास तो सर्रास झाला. वरचा मोठा पंख, गाडी खाली दाबणारा, ही वेगळी गोष्ट, तो पहिल्यांदा १९५८ मध्ये ओहायोत जिम कुशमनने लावला. आज टीव्हीवर दिसणाऱ्या पंखवाल्या, नऊशेच्या आसपास हॉर्सपॉवरच्या गाड्या त्याच वंशातल्या, आणि बहुतेकींना अजूनही ढकलूनच चालू करतात.

अँड्रेट्टीबद्दल एवढंच की त्याचा जुळा भाऊ आल्डोही तितकाच उत्साही होता. १९५९ मध्ये तो भयंकर जखमी झाला, बरा होऊन परत आला, आणि १९६९ मध्ये आयोवात स्प्रिंट कारच्याच अपघाताने त्याचं रेसिंग कायमचं संपलं. त्याच वर्षी मारियोने इंडियानापोलिस जिंकली.

बघायचं असेल तर आयोवात नॉक्सव्हिलला स्प्रिंट कारचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि आमच्याकडे लॅटिमोर. कानात घालायचे बोळे न्या, ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पांढरे कपडे घालून उभे राहू नका, आणि इंटरनेटवर १९५० च्या आधीचे निकाल शोधताना ‘बिग कार’ असं टाका, तेव्हा या गाड्या त्याच नावाने छापल्या जायच्या. लॅटिमोरला शेंगा खात पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, मात्र शिरू नका. जुन्या रेसिंगवाल्यांत भुईमुगाच्या शेंगा आणि हिरवा रंग दोन्ही अपशकुनी, आणि काही आजोबा ते अजून मनापासून मानतात.