गाडी विकण्याआधी एकदा गेज लावून घ्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाडी १२ वर्षांची, एसी नीट गार करत नाही, आणि गेले तीन उन्हाळे तुम्ही दर वेळी गॅस भरून घेतलात. आता गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल असं सगळंच बदलायचं कोटेशन दिलंय. रक्कम तुमच्या चार महिन्यांच्या बचतीएवढी, गाडीच्या आजच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी. घरच्यांचं म्हणणं, जुन्या गाडीत एवढे पैसे घालण्यापेक्षा ती विकून पाच वर्षांच्या कर्जावर नवी घ्यावी आणि डाउन पेमेंटसाठी मुलीच्या शिक्षणाची गुंतवणूक मोडावी. आईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा एसीशिवाय चालवून घ्या असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात एसी ही चैन नाही.

पण गुंतवणूक मोडू नका, गाडी विकू नका, आणि या कोटेशनलाही अजून होकार देऊ नका. त्यात तीन महागड्या भागांची नावं आहेत. बिघाड कशात आहे ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. बिघाडच माहीत नसताना दुरुस्ती परवडते की नाही, याचा हिशेब मांडणार कसा?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटलं: गाडी धावत असताना हवा बरी गार येते, सिग्नलला थांबली की कोमट होते. कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढं असतो. गाडी धावते तेव्हा वारा त्याला आपोआप थंड करतो. थांबली की सगळा भार पंख्यावर. पंख्याची मोटर दमली असेल, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) गेला असेल किंवा कंडेन्सरच्या पत्र्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि किडे अडकले असतील, तर नेमकं असंच होतं. गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर थकला असेल, तर तोही इंजिन मंद फिरताना कमी पडतो, तेव्हा तो निर्दोष आहे असं मी लांबून सांगू शकत नाही. पण पंखा फिरतो का हे बोनेट उघडून, एसी लावून, पाच मिनिटांत दिसतं. ते आधी बघा. केबिन फिल्टरही काढून बघा. तो तुंबला की हवाच कमी येते आणि आपण दोष गॅसला देतो.

दुसरी गोष्ट तीन उन्हाळ्यांच्या गॅसची. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. वर्षाच्या आत पुन्हा भरावा लागला, तर तो कुठून तरी गळतोय. म्हणजे ते तीनही खर्च दुरुस्तीचे नव्हते, गळतीचं भाडं होतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. गॅस कमी झाला की तेल नीट परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून झिजतो. माझ्या पहिल्या गाडीत मी चार वर्षं असाच गॅस भरत राहिलो आणि शेवटी कॉम्प्रेसर बसला. एका ओ-रिंगचं, म्हणजे नळीच्या जोडातल्या रबरी कडीचं, काम होतं. म्हणून हे इतकं कळकळीनं लिहितोय. शिवाय तुमच्या वयाच्या गाड्यांत बहुतेक आर-१३४ए हा गॅस असतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. गळणारा प्रत्येक ग्रॅम हवेत जातो.

तर आधी तपासणी विकत घ्या, आणि शक्यतो फक्त एसीचंच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून. त्याला सांगा, इंजिन आणि एसी चालू ठेवून कमी दाबाची ‘लो साइड’ आणि जास्त दाबाची ‘हाय साइड’, अशा दोन्ही बाजूंना गेज, म्हणजे दाब मोजणारं मीटर, लाव आणि आकडे कागदावर लिहून दे. दोन्ही प्रेशर कमी असतील तर बहुधा गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही, किंवा मागच्या वेळी गॅस जास्त भरलाय; जास्त गॅसनंही कूलिंग घटतं. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, असं दिसलं तर मात्र संशय कॉम्प्रेसरवर. गळती नायट्रोजनच्या दाबानं किंवा डाय (गळतीची जागा दाखवणारा रंग) घालून शोधता येते. ती बुजवल्यावर व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढून, बोनेटखालच्या लेबलवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस वजनानं भरायचा. ‘अंदाजानं भरतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पंखा, सफाई, ओ-रिंग यांतलं काही निघालं तर महिन्याच्या खर्चातून करून टाका. कूलिंग कॉइल गळत असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी बरीच लागते. तिथं गळतीचा पुरावा डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि कॉम्प्रेसर आतून तुटून त्याचा धातूचा चुरा नळ्यांत पसरला असेल, तर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा गॅस आवरणारी झडप) आणि बऱ्याचदा कंडेन्सरही बदलावा लागतो. तसं निघालं तर तुमच्या गॅरेजवाल्याचं मोठं बिल बऱ्याच अंशी रास्त ठरेल, आणि मी ते भरा म्हणेन.

कारण सगळ्यात वाईट शक्यता धरूनही आकडा बघा. नव्या गाडीचा हप्ता तुम्ही तुमच्या बचतीच्या पाऊणपट सांगितलाय. म्हणजे अख्खी दुरुस्ती पाच-सहा हप्त्यांतच येते. कर्जाचे हप्ते ६०. उरलेले ५४ कशासाठी भरायचे? इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय. दुरुस्तीची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करायची सवय आपल्याला लागलीये, पण तुम्ही गाडी विकायला काढलेली नाही. तुलना करायची ती, तिच्याऐवजी जे आणाल त्याच्या वर्षाच्या खर्चाशी. त्यात नव्या गाडीचा वाढीव विमा आणि घसाराही धरा. वर्षभरात गाडी विकायचं आधीच ठरलं असतं, किंवा चासी गंजली असती, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं.

मोठं बिल भरावंच लागलं, तर आपत्कालीन निधीतून घ्या. डायलिसिसची ये-जा आहे, त्यामुळे तो त्यासाठी वापरण्यात मला गैर वाटत नाही. तुमच्याकडे पाच महिन्यांच्या खर्चाचा निधी आहे. पुढच्या चार महिन्यांची बचत त्यातच परत टाका. तेवढे महिने मुलीच्या नावची नवी गुंतवणूक थांबली तर चालेल. साठलेल्या रकमेला हात लावायचा नाही.

तपासणीला दोन आठवड्यांहून जास्त लावू नका. तोवर आईंना टॅक्सीनं न्या आणि ते भाडं दुरुस्तीच्या खर्चातच धरा. गेजचे आकडे आणि दुसरं कोटेशन आलं की दोन्ही मला पाठवा.