घरघंटी बायकोची, गिरणी नवऱ्याची

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की बायकांची कामं आणि पुरुषांची कामं ही वाटणी आपल्याला वाटते तेवढी जुनी नाहीये, आणि महिनाभर नुसते मेल येतायत. निम्म्यांनी शाबासकी दिली, निम्म्यांनी झापलं, एका काकांनी तर चार पानी पीडीएफ पाठवली. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमायचं नाही, म्हणून थोडीच पत्रं घेतलीयेत.

ताई, नमस्कार. परवा जेवताना सासरे म्हणाले, पूर्वीपासून पुरुषानं कमवायचं आणि बाईनं घर बघायचं हीच आपली पद्धत, तुम्ही बायका आत्ता आत्ता नोकऱ्या करायला लागलात. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची आजी लालबागला गिरणीत होती! तसं म्हटलं तर म्हणाले, ती मजबुरी होती. खरं काय समजायचं? (एक वाचक, डोंबिवली)

मजबुरी हा शब्द भारी आहे. म्हणजे आजोबा गिरणीत गेले तर नोकरी आणि आजी गेली तर मजबुरी, भोंगा मात्र दोघांना एकच. असो.

सासऱ्यांच्या आजी काही एकट्या नव्हत्या हो. मुंबईत पहिली कापड गिरणी काढली कावसजी दावर यांनी, १८५४ साली, आणि नंतर गिरण्या वाढत गेल्या तशा बायकाही कामाला लागल्या, इतक्या की १९२० च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई असायची. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायचं काम. साच्यांवर, म्हणजे मागांवर, पुरुष, आणि साचेवाल्याचा पगार जास्त. बायकांवर देखरेख करायला नायकीण असायची, तीच कामावर घ्यायची, तीच काढायची, तिच्याशी जमवून घ्यावं लागायचं. संपात पण बायका मागे नव्हत्या, उषाताई डांगे वगैरे मंडळींनी गिरणीतल्या बायकांचे मोर्चे काढलेत.

मग या बायका गेल्या कुठे? कारण साठसत्तरच्या दशकातला गिरणगाव आठवणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की गिरणीत पुरुष जायचे आणि बायका चाळीत असायच्या. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि मला इतिहासातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात सरळ सरळ व्हिलन कोणी सापडत नाही.

१८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांचे कामाचे तास दिवसाला अकरावर आणले. चांगलंच झालं, पण पुरुषांच्या तासांना हात लावायला १९११ उजाडलं, म्हणजे बाईला जपायचं, पुरुष काय कितीही राबला तरी चालतंय, असा तो हिशोब. मग १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, देशातला असा पहिलाच. त्याचं विधेयक १९२८ मध्ये चर्चेला होतं तेव्हा डॉ. आंबेडकर कौन्सिलात त्याच्या बाजूने बोलले होते, त्यांचं म्हणणं की बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे तर या खर्चाची जबाबदारी त्याला झटकता यायची नाही. अगदी बरोबर. पण मालक काय भोळे होते का, बाई आता महाग पडणार हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यात तीसच्या दशकात मंदी, नवी मशिनं, कामगारकपात, आणि गिरण्यांनी रात्रपाळ्या सुरू केल्या, आणि रात्री बायकांना कामावर ठेवायला कायद्यानं मनाई. आता ज्या कामगाराला रात्रपाळी लावताच येत नाही त्याला मालक ठेवेल कशाला? स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं संध्याकाळी सात ते सकाळी सहा ही मनाई कायम ठेवली. युनियनवाले पण मागत होते ते पुरुषाला अख्खं कुटुंब चालवता येईल एवढा पगार, मागणी रास्तच, पण त्यात बाईचा पगार म्हणजे वरकमाई असं आपोआप गृहीत धरलं गेलं. एकेका दशकात बायका कमी कमी होत गेल्या आणि १९८२ चा संप झाला तेव्हा हातावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

म्हणजे बघा, सासरे खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी लहानपणी जे पाहिलं तेच सांगतायत. फक्त "पूर्वीपासून" म्हणजे माणसाच्या स्वतःच्या लहानपणापासून, त्याच्या अलीकडचं त्याला दिसत असतं, पलीकडचं कोणी सांगितलं तरच कळतं.

आणि घरी बसलेल्या बायका बसलेल्या नव्हत्याच मुळी! दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायच्या, गावाहून एकट्या आलेल्या गिरणीकामगारांना दोन्ही वेळचं जेवण, पंधरा पंधरा वीस वीस माणसांचं, पाळी संपेल तसं ताट वाढायचं, पैसे महिन्यानं, आणि संप झाला की तेही नाहीत. या खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत त्या सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. पण तुमची आई काय करते विचारलं तर पोरं सांगायची, काही नाही, घरीच असते.

ताई, मी कॉलेजला आहे. आमच्या भागात तीन पिठाच्या गिरण्या आहेत, तिन्ही पुरुषच चालवतात. आजी सांगते की जात्यावर पुरुष बसला तर गाव हसायचं. मग मशीन आल्यावर दळण पुरुषांचं काम कसं काय झालं? (एक वाचक, कोल्हापूर)

शाब्बास, एक नंबर प्रश्न. इतकी वर्षं गिरणीत डबा घेऊन रांगेत उभी राहिले पण मला हे सुचलं नव्हतं.

दळणकांडण म्हणजे बाईचंच, यात कोणाला शंका नव्हती. पहाटे उठायचं, जात्याचा खुंटा धरायचा, घरात माणसं जास्त असली तर समोरासमोर दोघी बसायच्या, दळता दळता ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात देव आहेत, माहेर आहे, नवऱ्याची गाऱ्हाणी आहेत आणि आंबेडकरांवरच्याही ढीगभर ओव्या आहेत. मग इंजिनावर चालणारी गिरणी आली. इंजिन घ्यायला भांडवल लागतं, ते बाईकडे नाही. जागा लागते, ती तिच्या नावावर नाही. रस्त्याला तोंड करून दुकान मांडायचं, चार लोकांशी व्यवहार करायचा, ते तिनं करायचं नाही. त्यामुळे काम तेच राहिलं पण त्याचा धंदा झाला आणि धंदा पुरुषाकडे गेला. ताकदीचा काही संबंध नाही, उलट जात्यालाच जास्त ताकद लागायची.

आता पुढची गंमत बघ. घरघंटी आली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावेल अशी. ती कोण चालवतं? पुन्हा बाई! सरकारी योजनांतून महिलांना काय वाटतात, तर घरघंटी आणि शिलाई मशीन. शिलाईचं पण तेच, पाटी लावलेला टेलर पुरुष आणि घरात पिको फॉल करणारी वहिनी. घरी रोजचा स्वयंपाक आईचा आणि लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक करायला आचारी बाप्या, त्याला अॅडव्हान्स द्यायचा आणि वर त्याचे नखरे सोसायचे.

जातं गेलं याचं दुःख करणारे खूप भेटतात मला, दिवाणखान्यात शोभेला जातं ठेवणारे पण. मला विचारशील तर गेलं ते फार बरं झालं. ओव्या सुंदर आहेत, मान्य, पण पहाटे चारला उठून दळलेल्या बाईला कोणी विचारलं असतं की ओवी हवी का झोप, तर तिनं काय सांगितलं असतं ते तुझ्या आजीलाच विचार.

नमस्कार ताई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुमारास आमची निम्मी मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला जातात. मुकादम हिशोब करतो तेव्हा नवराबायको मिळून "एक कोयता" धरतात. दोन माणसं आणि कोयता एक, हे कुठून आलं? (एक वाचक, बीड जिल्हा)

मॅडम, तुमचं पत्र वाचून मी जरा वेळ काही लिहिलंच नाही.

एस्टर बोसरप म्हणून डेन्मार्कच्या एक अर्थतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९७० मध्ये एक मुद्दा मांडला. जिथे कुदळीनं शेती होते तिथे बाई शेतकरी असते आणि जिथे नांगर आला तिथे शेती पुरुषाची झाली. मुद्द्यावर वाद पुष्कळ झाले, पण आपल्याकडे बघा ना, बाईनं नांगर धरणं अशुभ मानायचे, आणि पेरणी झाली की पुढचं सगळं, खुरपणी, लावणी, वेचणी, काढणी, मळणी यात बायकाच बायका, तरी शेतकरी म्हटलं की डोळ्यासमोर फेटा येतो. नांगर त्याचा म्हणून शेत त्याचं, शेत त्याचं म्हणून सातबारा त्याचा, आणि सातबारा असला की कर्ज, सोसायटी, सगळंच त्याचं. बायको ही त्याच्या कामाचा भाग, वेगळा कामगार नाही.

तुमच्याकडचा कोयता हे त्याचंच पुढचं रूप आहे असं मला वाटतं. ऊस तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि त्याच्या आधी पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात, पाणी आणलेलं असतं. उचल, म्हणजे तोडणीआधी मिळणारे आगाऊ पैसे, मात्र नवऱ्याच्या हातात पडते. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्येच आला, पण तिची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसेल तर कमी का जास्त हे मोजायचं कशाशी? एकटी बाई, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली, हिला तर जोडीदार नाही म्हणून अर्धा कोयता धरतात, तो शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

जमिनीचं म्हणाल तर महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क दिला, केंद्राचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, २००५ ला आला. त्याच्याही आधी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम काढली होती, शेतकऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची, आणि हजारोंनी केली. पण तलाठ्याकडे जाऊन विचारा, हक्कसोड पत्रं, म्हणजे बहिणींनी आपला वाटा सोडल्याचे कागद, किती होतात. भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी आणि वर्षाच्या आत सहीचा कागद, वर "माहेर तुटायला नको" आहेच.

तुम्ही कायम बायकांचंच रडगाणं लावता. पुरुषांना काही भोगावं लागलं नाही का? माझे आजोबा बत्तीस वर्षं मुंबईत गिरणीत होते, आजी गावाकडे. आम्हाला आजोबा म्हणजे गणपतीला येणारे पाहुणे. (एक वाचक, सातारा जिल्हा)

दादा, पहिलं वाक्य सोडलं तर बाकी सगळं पटलं.

१९२१ आणि १९३१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशे पण बायका नव्हत्या. म्हणजे लाखो माणसं तुमच्या आजोबांसारखी, बायकापोरं कोकणात नाहीतर घाटावर ठेवून एका खोलीत दाटीवाटीनं राहिलेली, एकाची रात्रपाळी सुटली की त्याच पथारीवर पडायचं, दुसरा कामावर. कमावता पुरुष झाला की तो मनिऑर्डर होतो. पोरगं कधी चालायला लागलं ते पत्रातून कळायचं, तेही दुसऱ्यानं वाचून दाखवलं तर. आजारी पडला तरी गावाकडे कळवायचं नाही. आणि १९८२ चा संप जानेवारीत सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात, संप कधी मिटलाच नाही, तेव्हा ज्याची अख्खी ओळखच पगार होती तो माणूस घरात बसला. किती जण दारूत गेले, किती गावाला परत गेले आणि तिथे कोणाला ते नीट ओळखीचेही वाटेनात. घर तेव्हा बायकांनी चालवलं, धुणीभांडी करून, डबे करून, भाजी विकून.

माझं म्हणणं इतकंच आहे की तुमच्या आजोबांना आणि आजींना बत्तीस वर्षं वेगळं ठेवलं ते याच वाटणीनं. माझं भांडण आजोबांशी नाहीये. त्यांची पत्रं घरात असतील तर जपून ठेवा बरं का, आणि जमलं तर स्कॅन करा.

(चार पानी पीडीएफवाल्या काकांना) काका, सगळं वाचलं. बायका शिकल्या म्हणून बिघडल्या हा तुमचा मुद्दा नवीन नाही, आणि त्याचं उत्तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच दिलंय, जे जे दुर्गुण बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का म्हणून. माझ्यापेक्षा पुष्कळ तिखट भाषेत दिलंय.

ताई, मुलगा सातवीत आहे. गॅदरिंगला नाटकात त्याला आजीचं काम मिळालंय, साडी नेसायची आहे. तो खूश आहे पण माझे वडील नाराज आहेत, म्हणतात मुलाला बायकी करून टाकाल. (एक वाचक, नाशिक)

वडिलांना नाट्यसंगीत आवडतं का? आवडत असेल तर काम सोपं आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, आयुष्यभर स्त्री भूमिका केल्या आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, गजरा माळायला बघायच्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे महाराष्ट्राच्या दोन पिढ्या एका पुरुषाकडून शिकल्या! दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी एकही बाई मिळाली नाही, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम पण साळुंके आणि सीता पण साळुंकेच. बाईनं नाटकात जाणं वाईट म्हणून पुरुषानं साडी नेसणं चांगलं, असा तो काळ होता. आणि वडील पेशवाईचे अभिमानी असतील तर त्यांना भिकबाळीची आठवण करून द्या, कानात मोती घालून फिरणाऱ्या सरदारांना बायकी म्हणायची कोणाची टाप होती?

मुलाला म्हणावं बिनधास्त कर. फक्त नऊवारी शिवलेली घ्या आणि सहावारी असेल तर पदराला पिना जरा जास्तच लावा, पहिल्यांदा नेसणाऱ्याचा पदर एण्ट्रीलाच सुटतो, आमच्या शाळेत तीस वर्षं बघितलंय.