जेंडर आणि डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायला कर्ज काढून परदेशी जावं का? यात शिकण्यासारखं असतं तरी काय?

कर्ज काढून लगेच जाऊ नका. ठाण्यात राहता, समाजशास्त्रात बी. ए. झालंय आणि इंग्लंडला ‘ग्लोबल सोशल डेव्हलपमेंट अँड जेंडर’ करायचंय, तर आधी दोन वर्षं इथे काम करा. एवढंच लिहून थांबले असते. पण ‘बायकांचे विषय शिकायला कॉलेज कशाला’ हा तुमच्या वडिलांचा टोमणा वाचला आणि राहवलं नाही. मी देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून विमेन्स स्टडीजमध्ये एम. ए. केलं. कोपरखैरण्याहून गोवंडीला जायला निघाले की आमचे काका ओट्यावरून हेच ऐकवायचे.

आम्ही प्रकल्पग्रस्त. नवी मुंबई वसवायला सिडको या सरकारी कंपनीने 95 गावांची जमीन घेतली, 1984 च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, मग गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना आली, हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. आजोबांच्या नावचा साडेबाराचा प्लॉट हातात यायची वेळ आली तेव्हा वारसांत तीन आत्याही होत्या. काकांनी वकिलाकडून हक्कसोडपत्र तयार करून घेतलं, तिघींना बोलावून साड्या दिल्या आणि गाडी करून रजिस्ट्रेशनला नेलं. मला नेलं ते आत्यांचं चहापाणी बघायला.

थोरल्या आत्याचा अंगठा मशीन घेईना. जन्मभर भातलावणी आणि भांडी, बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. ऑपरेटर आपला ‘आजी, पुसा, परत ठेवा’ करतोय. तेवढ्यात मी तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता, वगैरे. धाकटी आत्या म्हणाली, “मग माझं काय राहिलं गो त्यात?” मी म्हटलं, काही नाही. तिने पदर सावरला आणि बाहेर बाकावर जाऊन बसली ती उठलीच नाही. बाकी दोघींनी अंगठे दिले.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, काका पाहुण्यांसमोर सांगतात, हिने शिकून घर फोडलं.

काकांना वाटतं मी आत्याला कायदा शिकवला. कायदा थोरलीलाही माहीत होता. हिंदू वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीचा हिस्सा 1956 पासून आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही, आणि वडील 2005 आधीच गेले असले तर काय, हा घोळ सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला: तरीही मुलीचा हक्क राहतोच. तरी अंगठे उठतात. कारण उद्या सासरी काही झालं तर भावाचंच दार आहे, आणि ते दार उघडं राहायची किंमत म्हणजे तो अंगठा. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी दक्षिण आशियातल्या बायका आणि जमीन यावर लिहिताना हे कधीच मांडून ठेवलंय. मी ते वर्गात वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचंच घर होतं. शिकण्यासारखं काय असतं, तर हे असतं. तुमच्या वडिलांना विचारा, राहत्या फ्लॅटच्या सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे का. नसेल तर का नाही, यावर एक सेमिस्टर निघतं.

आता तुमचा प्रश्न. ब्राइटनचं आयडीएस, हेगचं आयएसएस, लंडनचं एलएसई ही या विषयातल्या संस्थांची मोठी नावं, शिकवतातही उत्तम. पण इंग्लंडचा कोर्स वर्षभराचा. ज्याने बचत गटाची एक बैठक पाहिलेली नाही त्याला विकासातल्या बायकांच्या वाट्यावरचं अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरपचं 1970 चं लिखाण नुसतं परीक्षेपुरतं कळतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. मग आधी तोच घ्या की.

नोकऱ्या आहेत, पगार सुरुवातीला बेताचे. एनजीओ, सीएसआर म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा विभाग, प्रकल्पांचं मूल्यमापन. सीएसआरमध्ये तुम्हाला किती शिवणयंत्रं वाटली ते मोजायला लावतील. त्या यंत्राची कमाई कोणाच्या खिशात जाते हा रकाना फॉर्ममध्ये नसतो, तो तुम्ही भांडून घालायचा. शिवाय लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीला अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा. ऐरोली ते महापे पट्ट्यात मी ते काम करते. त्यावर पोट भरत नाही, पण ओळखी होतात.

एक राहिलं. यूएनसारख्या ठिकाणीच जायचं ठरलेलं असेल तर बाहेरच्या पदवीचा उपयोग होतो, हे मान्य. आणि अनुसूचित जातीतल्या असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा, उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी नीट वाचून. ती मिळाली तर मी वर काय लिहिलंय ते सोडा आणि खुशाल जा.