मी डावखुरा आहे, लाकडं फोडताना कुऱ्हाडीवर कोणता हात पुढे ठेवायचा?

डावा हात पुढे, म्हणजे पात्याजवळ, आणि उजवा दांड्याच्या टोकाला, आणि कुऱ्हाड खाली येताना डावा हात दांड्यावरून सरकत उजव्याला येऊन भिडला पाहिजे. मी पण डावखुरा, चाळीसगावकडे शेतातली बाभूळ दरवर्षी चुलीसाठी फोडतो त्यामुळे सांगतोय. कारण सोपं आहे, वजन उचलायचं काम जोरकस हाताचं, टोकाचा हात फक्त धरून ठेवतो. कुऱ्हाड दोन्ही बाजूंनी सारखी असते, वेगळी घ्यायची गरजच नाही. हाताइतकेच पाय बघा, दोन्ही एका रेषेत फाकवून, एक पाय पुढे टाकला की हुकलेला घाव सरळ नडगीवर. ओंडका वाळला की त्याच्या तोंडावर मधून कडेकडे भेगा पडतात, त्या भेगेवरच मारायचं, नुसतं मधोमध मारत बसलात तर कुऱ्हाड उसळते नाहीतर रुतून बसते (मग ती काढण्यातच अर्धा दिवस). फक्त एक, गाठीचं लाकूड असलं तर डावं उजवं काही चालत नाही, तिथं पाचर आणि घणच.