कूपन नऊ टक्क्यांचे, परतावा सातचा: असे का?

प्रश्न: मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मुदत ठेवी आणि टपाल खात्याच्या योजना यांपलीकडे मी कधी गेले नाही. माझ्या भाच्याने मला दोन सूचीबद्ध (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे) कर्जरोखे दाखवले. दोन्हींचे दर्शनी मूल्य १,००० रुपये आहे, मुदत संपायला तीन वर्षे आहेत, पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) सारखेच आहे आणि व्याज वर्षातून एकदा मिळते. पहिल्याचे कूपन ९ टक्के, भाव १,०५० रुपये आणि यील्ड (परतावा) ७.०९ टक्के आहे. दुसऱ्याचे कूपन ६ टक्के, भाव ९७० रुपये आणि यील्ड ७.१५ टक्के आहे. मला पहिला बरा वाटतो, भाचा दुसरा घ्यायला सांगतो. तिसऱ्या एका रोख्याचे यील्ड तर १२ टक्के आहे. मग तोच का घेऊ नये?

उत्तर: आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, पण ते नुसते मान्य करण्यापेक्षा त्यामागचा हिशेब आपण स्वतः मांडून पाहावा, कारण तो शाळेतल्या सरळव्याजाच्या गणिताहून फारसा अवघड नाही.

कूपन दर हा रोखा पहिल्यांदा विकला गेला त्या दिवशी कर्ज घेणाऱ्याने कबूल केलेला दर असतो आणि तो नेहमी दर्शनी मूल्यावर मोजला जातो. (पूर्वी कागदी रोख्यांना व्याजाची छापील कुपने जोडलेली असत आणि दर खेपेला एक कापून दाखवले की व्याज हाती पडे, कागद गेला, नाव मात्र राहिले.) त्यामुळे पहिल्या रोख्यावर दरवर्षी ९० रुपये मिळतील, मग आपण तो ९५० रुपयांना घ्या किंवा १,०५० रुपयांना. यील्ड ही मात्र आपण आज मोजत असलेल्या किमतीशी बांधलेली संख्या आहे. हे ९० रुपये आपल्याला १,००० रुपयांवर नव्हे, तर १,०५० रुपयांवर मिळणार असल्याने नऊ टक्क्यांचे तिथेच साधारण ८.५७ टक्के होतात. याला चालू परतावा म्हणतात आणि बरेच नवखे गुंतवणूकदार इथेच थांबतात.

थांबू नये, कारण खरी मेख पुढे आहे. तीन वर्षांनी कंपनी आपल्याला १,०५० रुपये देणार नाही; दर्शनी मूल्याचे १,००० रुपयेच देईल. म्हणजे पहिल्या रोख्यात आपले १,०५० रुपये जातात आणि २७० रुपये व्याज व १,००० रुपये मुद्दल मिळून १,२७० रुपये परत येतात. निव्वळ लाभ २२० रुपयांचा. दुसऱ्या रोख्यात ९७० रुपये जातात आणि १८० व १,००० मिळून १,१८० रुपये येतात. निव्वळ लाभ २१० रुपयांचा, पण तो कमी पैसे गुंतवून मिळालेला. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला सरासरी काढली, तर पहिल्याचे सुमारे ६.९८ आणि दुसऱ्याचे सुमारे ७.२२ टक्के पडतात. पहिल्या रोख्यात जास्त पैसे लवकर हाती येतात, तर दुसऱ्यातील वरचे ३० रुपये अगदी शेवटी येतात. हा वेळेचा फरक हिशेबात धरला की तफावत कमी होते आणि भाच्याने दाखवलेले ७.०९ व ७.१५ हे आकडे येतात. यालाच मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा म्हणतात आणि दोन रोख्यांची तुलना करायची असेल, तर ती याच आकड्याने करावी.

आता दोन्ही परतावे इतके जवळ असताना नऊ टक्केवाला का घेऊ नये, असे आपण विचाराल. दर वर्षाच्या खर्चासाठी अधिक रोकड हवी असेल, तर तो घेण्यात चूक नाही. मात्र एवढे ध्यानात असू द्यावे की त्या ९० रुपयांतला काही भाग व्याज नसून, आपण जास्तीचे मोजलेले ५० रुपयेच थोडेथोडे परत येत आहेत, आणि आयकर खाते मात्र पूर्ण ९० रुपयांवर व्याज म्हणून आपल्या टप्प्याच्या दराने कर घेईल. शेवटी होणारा ५० रुपयांचा तोटा दीर्घकालीन भांडवली तोटा ठरतो आणि तो दुसऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा करता येतो, जो आपल्याकडे बहुधा नसेल. दुसऱ्या रोख्यात ६० रुपयांवरच टप्प्याचा दर लागतो. वरचे ३० रुपये सूचीबद्ध रोखा बारा महिन्यांहून जास्त ठेवल्याने दीर्घकालीन भांडवली नफ्यात जातात, ज्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. म्हणून आपण वरच्या टप्प्यात असाल, तर कर धरल्यावर भाच्याचे पारडे आणखी जड होते.

यील्ड हे वचन मात्र नव्हे. रोखा शेवटपर्यंत ठेवला, हप्ते वेळेवर आले आणि ते साधारण त्याच दराने पुन्हा गुंतवता आले, तरच तो आकडा खरा ठरतो. मध्येच विकायची वेळ आली, तर त्या दिवशीचा बाजारभाव स्वीकारावा लागतो आणि व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात. मे २०२० ते मे २०२२ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. त्या स्वस्त काळात लांब मुदतीचे रोखे घेतलेल्यांनी हा उतार अनुभवला आहे. सहा टक्के कूपनाचा दहा वर्षांचा रोखा, बाजारातील परतावा सात टक्के होताच, १,००० रुपयांवरून सुमारे ९३० रुपयांवर येतो. तीन वर्षांचा असेल, तर साधारण ९७४ रुपयांवर. मुदत जितकी लांब, तितका हेलकावा मोठा. आपली तीन वर्षांची निवड या दृष्टीने शहाणपणाची आहे.

बारा टक्क्यांच्या रोख्याविषयी थोडक्यात सांगतो. सारख्या मुदतीचे रोखे सात टक्के देत असताना कोणी बारा देत असेल, तर वरचे पाच टक्के हे पैसे बुडण्याच्या शक्यतेची किंमत असते. बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण कर्जरोख्यांना नाही. मानांकनावरही डोळे मिटून विसंबू नये. आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचे सर्वोच्च मानांकन २०१८ साली काही आठवड्यांत थकबाकीदाराच्या पातळीवर आले होते. निवृत्तीच्या पैशाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक व्यावहारिक सूचना: मागचा हप्ता होऊन चार महिने झाले असतील, तर पहिल्या रोख्यासाठी भावाखेरीज साचलेल्या व्याजाचे सुमारे ३० रुपये विकणाऱ्याला द्यावे लागतील. ती फसवणूक नव्हे. पुढच्या हप्त्यात ते आपल्याला परत मिळतात.

प्रश्न: ट्रेझरी बिलांना (केंद्र सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांना) कूपनच नसते, मग परतावा कशाचा? आणि ती घेण्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जावे लागते का? (एक वाचक, इतवारी, नागपूर)

उत्तर: बँकेत जावे लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेत घरबसल्या ऑनलाइन खाते निघते, त्यासाठी शुल्क नाही आणि किमान १०,००० रुपयांपासून खरेदी करता येते. ही बिले लिलावात विकली जातात, पण त्यात दर सांगण्याची जबाबदारी आपल्यावर नसते. ट्रेझरी बिल ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचे असते आणि ते सवलतीत विकले जाते. ३६४ दिवसांचे बिल ९४.५० रुपयांना मिळाले आणि मुदतीअखेर १०० रुपये आले, तर वरचे ५.५० रुपये हाच आपला परतावा. तो १०० वर नव्हे, तर गुंतवलेल्या ९४.५० रुपयांवर मोजावा. वर्षाच्या हिशेबाने तो ५.८४ टक्के होतो.