सिरप गाळायचं असतं, पिळायचं नसतं

प्रश्न: काका, व्हरमाँटला घर घेतलं त्याला तीन वर्षं झाली, परसात शुगर मेपलची (ज्याच्या खोडातला रस आटवून मेपल सिरप करतात ती) चार झाडं आहेत आणि यंदा पहिल्यांदाच हौसेनं रसासाठी बादल्या टांगल्या. मार्चमधले दोन वीकेंड घालवून ऐंशी एक लिटर रस आटवला, दोन लिटरच्या आसपास सिरप झालं. उकळताना मस्त दिसत होतं पण गार झाल्यावर बघते तर गढूळ, आणि तळाला करडी रेव! आधी चहाच्या गाळणीनं गाळलं, मग सासूबाईंनी चक्क्यासाठी दिलेल्या मलमलच्या फडक्यातून, मग कॉफी फिल्टरमधून. पहिल्या दोघांतून सगळंच खाली आलं आणि कॉफी फिल्टरमधून काहीच येईना, रात्रभर ठेवला तरी चार चमचे. शेवटी वैतागून फडकं पिळलं तर आणखीच गढूळ झालं. बादल्या तर मी स्वतः घासल्या होत्या, मग ही घाण आली कुठून? नवरा म्हणतोय टाकून दे.

उत्तर: अहो टाकू नका, ८० लिटर आटवलंय तुम्ही! आणि घाण हा शब्द आधी डोक्यातून काढा, तुमच्या बादल्यांचा यात काही दोष नाही. ही रेव झाडाच्या रसातलीच आहे, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, इकडचे लोक हिला शुगर सँड किंवा नायटर म्हणतात. रसात साखर असते जेमतेम २ टक्के, म्हणून तर ४० लिटर आटवावे तेव्हा १ लिटर हाती लागतं, आणि पाणी उडून जातं तशी साखर दाट होते तसेच हे क्षारही दाट होतात, शेवटी शेवटी ते विरघळून राहूच शकत नाहीत आणि बारीक कण होऊन बाहेर पडतात. पातेल्यात पाणी आटलं की तळाला पांढरं धरतं ना, तसलाच प्रकार. म्हणून रस सुरुवातीला कितीही वेळा गाळा, सालपटं नि किडे निघतील, रेव नाही निघणार, कारण ती तेव्हा तिथे नसतेच. आपल्या गुऱ्हाळात काहिलीत रानभेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्यानं काढून टाकतात ती सोय इथे नाही, ही रेव वर येत नाही, सिरपभर लोंबकळत राहते. पोटात गेली तर काही होत नाही, फक्त दाताखाली कचकच लागते.

आता गाळायचं कसं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिरप कडकडीत गरम पाहिजे, १८० फॅरनहाइटच्या खाली गेलं की ते इतकं जड होतं की कुठलाही फिल्टर रडायला लागतो, तुमच्या कॉफी फिल्टरचं तेच झालं, शिवाय तो कागद इतक्या रेवेसाठी नसतोच, लगेच चोंदतो. मलमल उलट फारच विरळ, चक्का धरून ठेवेल पण ही रेव पिठासारखी बारीक असते. यासाठी जाड सिंथेटिक फेल्टचा टोपीसारखा निमुळता फिल्टर मिळतो, इकडे ऑर्लॉन म्हणूनच मागतात, आणि त्याच्या आत घालायचे पातळ प्रीफिल्टर. माझी युक्ती सांगतो (माझी कसली, ओंटारिओतल्या शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवलेली), प्रीफिल्टर एक नाही तीन-चार एकात एक घालायचे, वरचा चोंदला की कडा धरून अलगद उचलायचा, त्यातलं सिरप खालच्या स्वच्छ प्रीफिल्टरमध्ये पडतं आणि काम चालू राहतं. ओतायच्या आधी सगळं गरम पाण्यात भिजवून हातानं दाबून घ्या नाहीतर कोरडं फेल्ट तुमचं अर्धा कप सिरप तिथेच पिऊन टाकतं, दोन लिटरात अर्धा कप म्हणजे जीव जातो हो. उंच पातेल्यात टांगा, कडेला कपड्यांचे चिमटे लावा, वर झाकण ठेवा म्हणजे गार होणार नाही.

आणि पिळायचं नाही!! चमच्यानं खरवडायचंही नाही. पिळलं की अडकलेली रेव जोरानं आरपार जाते, म्हणजे इतका वेळ केलेलं काम आपल्याच हातानं उलटं. मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि वर बायकोला म्हणालो बघ कसं भराभर गळतंय.

तुमच्या दोन लिटरसाठी तर मी फिल्टर आणायलाही नाही सांगणार. काचेच्या बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवडे विसरून जा, अजिबात हलवू नका. रेव खाली बसेल, वरचं नितळ सिरप अलगद ओतून घ्या, मग ते १८० ते १८५ पर्यंत गरम करून गरम बाटल्यांत भरा. उकळू मात्र देऊ नका, पुन्हा उकळलं की पुन्हा रेव, हे लोकांना कळत नाही आणि मग म्हणतात गाळूनसुद्धा गढूळच. तळाचं उरलेलं ओटमीलमध्ये ढकला, कोणाला कळत नाही.

प्रश्न: फेल्टचा फिल्टर साबणानं धुतला, आता सिरपला साबणाचा वास येतोय. वॉशिंग मशीनमध्ये टाकू का?

उत्तर: मुळीच नको. साबण फेल्टमध्ये मुरतो आणि पुढच्या बॅचला चव देतो. नुसत्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा उकळा, वास गेला तर गेला, नाही तर नवीन घ्या. यापुढे उलटा करून गरम पाण्याच्या धारेखाली धरायचा, पिरगाळायचा नाही, पूर्ण वाळवून ठेवायचा. ओलसर ठेवलात तर पुढच्या मार्चमध्ये बुरशीचा वास, तो साबणापेक्षा वाईट.

प्रश्न: मुलानं क्यूबेकहून पुण्याला घरगुती सिरपची बाटली आणली, तळाला काचेसारखे खडे झालेत. ही रेव का? टाकायची का?

उत्तर: नाही हो, ती खडीसाखर! रेव चिखलासारखी बसते, खडे चकचकीत असतात. कोणीतरी जरा जास्त आटवलंय, बाकी काही नाही. सिरप पाण्याच्या उकळबिंदूच्या ७ फॅरनहाइट वर गेलं की तयार झालं समजतात, म्हणजे साखर ६६ टक्क्यांच्या आसपास, त्याच्या बरंच पुढे गेलं की असे खडे धरतात. कमी आटवलं असतं तर आंबलं असतं, त्यापेक्षा हे बरं. सिरप दुसरीकडे ओता, खडे गरम पाण्यात विरघळवा नाहीतर नातवंडांना द्या. आणि उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर नको.